तोलामोलाचे : नॅशनल स्पोर्टिंग क्लब आणि हलक्या वजनांची वाटचाल

लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात किंग स्ट्रीटवर ४३ क्रमांकाची एक जुनी इमारत आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती एका आरमारी सरदारासाठी बांधली गेली. पुढे तिथे हॉटेल झालं, मग रात्री उशिरापर्यंत गाणी ऐकत जेवायची ‘इव्हान्स’ नावाची नामांकित जागा झाली. १८९१ च्या मार्चमध्ये त्याच इमारतीत नॅशनल स्पोर्टिंग क्लब सुरू झाला. काढणारे दोघे, जॉन फ्लेमिंग आणि आर्थर बेटिन्सन. अध्यक्षपदी लॉर्ड लॉन्सडेल हा घोड्यांचा, कुत्र्यांचा आणि मुष्टियुद्धाचा शौकीन उमराव. बेटिन्सनबद्दलची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिगतीत तिचा हात आहे असं मला वाटतं. तो १८८२ चा हौशी मुष्टियोद्ध्यांमधला लाइटवेट विजेता होता. ज्या माणसाने हा क्लब पुढे पस्तीस वर्षं चालवला, तो स्वतः हलक्या वजनात लढून आलेला होता.

मुष्टियुद्धाचा विषय निघाला की आपल्या तोंडी नावं येतात ती जो लुई, मुहम्मद अली, माइक टायसन यांची. तिघेही हेवीवेट. जड गटाचा विजेता म्हणजे जगातला सर्वांत बलवान माणूस, आणि पन्नास किलोचा विजेता म्हणजे कौतुकाचा पण दुय्यम, अशी वाटणी मनात आपोआप होते. ती वाटणी मला मान्य नाही. हलक्या गटांना मान द्यायचा की नाही, हे प्रेक्षकाच्या मनाच्या मोठेपणावर सोडून भागत नाही. किती फेऱ्या, कोणता पट्टा, वजनाची रेघ कुठे, ऑलिंपिकमध्ये गट आहे की नाही, हे कुणीतरी बसून ठरवतं. मान त्या ठरवण्यातून येतो, आणि तिथूनच काढूनही घेतला जातो. नॅशनल स्पोर्टिंग क्लबची वाटचाल मी सांगतोय ती यासाठीच.

क्लबच्या आधीचा काळ उघड्या मुठींचा होता. ‘विजेता’ एकच, वजन कितीही असो. १८६० साली फार्नबरोच्या माळावर इंग्लंडचा टॉम सेयर्स अमेरिकेच्या जॉन हीननशी लढला, तेव्हा सेयर्सचं वजन सत्तर किलोंच्या आत होतं आणि हीनन त्याच्याहून वीसएक किलोंनी जड. दोन तासांहून अधिक वेळ चाललेली ती लढत अनिर्णित सुटली. सेयर्सचा उजवा हात लवकरच निकामी झाला होता, तरी तो डाव्या हाताने लढत राहिला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण त्याच्यासारखा एखादाच. त्याच्या वजनाचे बाकीचे शेकडो लढवय्ये जड माणसाच्या एका फटक्याने आयुष्यातून उठले, त्यांची नोंदही कुठे नाही. १८६७ मध्ये हातमोजे घालून लढायच्या क्वीन्सबेरी नियमांखाली हौशी स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा गट होते तीन : हलका, मध्यम, जड. तिथून पुढे प्रत्येक गाव, प्रत्येक प्रवर्तक, प्रत्येक विजेता आपापल्या सोयीने वजनाची रेघ ओढत राहिला. बँटमवेट म्हणजे नेमके किती पौंड, याचं उत्तर विजेता कोण आहे त्यावर अवलंबून असे.

क्लबने आधी शिस्त आणली. लढती सोमवारी रात्री. सभासदांनी जेवून, संध्याकाळचा औपचारिक पोशाख घालून बसायचं. फेरी चालू असताना बोलायचं नाही, ओरडायचं नाही. टाळ्या वाजवायच्या त्या दोन फेऱ्यांमधल्या मिनिटात. पंचाची खुर्ची रिंगणाच्या बाहेर. त्या शांततेत ठोसा अंगावर बसल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाई. हा सगळा थाट खाणकामगार, गोदी कामगार आणि सैनिक यांच्या मारामारीवर उभा होता, आणि ज्या वस्त्यांतून हे लढवय्ये येत तिथल्या माणसाला दाराच्या आत प्रवेश नव्हता. हे मला खुपतं. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. ती शांतता सगळ्यांसाठी सारखी होती. नव्वद किलोचा पीटर जॅक्सन लढतोय की पंचावन्न किलोचा कुणी, सभासदाने तोंड मिटूनच बसायचं. हलक्या गटाची लढत म्हणजे मुख्य लढतीआधी लोक जागेवर येईपर्यंतचा वेळ काढणं, हा प्रकार तिथे चालत नव्हता.

हलक्या माणसाच्या ठोशात दम नसतो, हा समज क्लबच्या पहिल्याच दशकात फार वाईट रीतीने खोटा ठरला. ६ डिसेंबर १८९७ च्या रात्री शिकागोचा जिमी बॅरी आणि लंडनचा वॉल्टर क्रूट बँटमवेटच्या जागतिक विजेतेपदासाठी लढले. विसाव्या फेरीत क्रूट पडला आणि नंतर वारला. बॅरी पुढे अपराजित निवृत्त झाला. १९०१ मध्ये क्लबमध्ये आणखी एक हलक्या वजनाचा लढवय्या, बिली स्मिथ या नावाने लढणारा, जॅक रॉबर्ट्सशी लढल्यावर मरण पावला. या वेळी रॉबर्ट्ससह क्लबच्या पदाधिकाऱ्यांवर ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला. प्रश्न असा, की हातमोजे घालून, नियमांखाली झालेली लढत हा खेळ की गुन्हा? ज्यूरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं. इंग्लंडमध्ये मुष्टियुद्धाला खेळ म्हणून पाय रोवता आले त्यात या निकालाचा मोठा वाटा आहे, आणि त्याची किंमत हलक्या गटातल्या माणसांनी जिवाने मोजली. जड गटाच्या वैभवाची गोष्ट सांगताना ही किंमत सहसा कुणी सांगत नाही.

मग आलं १९०९. फेब्रुवारीत क्लबच्या समितीने आठ वजनगट आणि त्यांच्या मर्यादा कागदावर उतरवल्या. फ्लायवेट ८ स्टोन, म्हणजे ११२ पौंड, सुमारे ५०.८ किलो. बँटमवेट ११८ पौंड, फेदरवेट १२६, लाइटवेट १३५, वेल्टरवेट १४७, मिडलवेट १६०, लाइट हेवीवेट १७५. त्यावरचा तो हेवीवेट, त्याला वरची मर्यादा नाही. आज शंभराहून अधिक वर्षांनी व्यावसायिक मुष्टियुद्धात मधे कितीही गट घुसवले असले, तरी हे सात आकडे जवळपास जसेच्या तसे जगभर चालतात. सर्वांत खालची ११२ पौंडांची रेघ नव्याने ओढलेली होती. तोवर एवढ्या वजनाच्या माणसाला बँटममध्ये आपल्याहून जड प्रतिस्पर्ध्यांपुढे उभं राहावं लागे. क्लबने त्याला स्वतःचं घर दिलं.

आणि नुसतं घर दिलं नाही. त्याच वर्षी लॉन्सडेलच्या नावाने पट्टे सुरू झाले. सोन्याचे, मीनाकाम केलेले, मधे लॉर्ड लॉन्सडेलचं चित्र. तीन वेळा त्या पट्ट्यासाठी जिंकलात की तो कायमचा तुमचा, आणि वय झाल्यावर क्लबकडून निवृत्तिवेतन. आठही गटांना पट्टा एकाच धर्तीचा. फ्लायवेटला बारीक आणि हेवीवेटला रुंद, असं केलं नाही. विजेतेपदाच्या लढतीला फेऱ्याही सगळ्यांना तेवढ्याच, वीस. माझ्या मते मुष्टियुद्धाच्या इतिहासात हलक्या गटांना मिळालेला हा सर्वांत मोठा मान. भाषणं नाहीत, गौरवाचे ठराव नाहीत. फक्त सोनं सारखं आणि कष्ट सारखे.

पहिला पट्टा कुणी जिंकला? ८ नोव्हेंबर १९०९ रोजी वेल्सच्या फ्रेडी वेल्शने, लाइटवेट गटात, जॉनी समर्सला हरवून. हेवीवेटचा पहिला पट्टा १९११ मध्ये बॉम्बार्डियर बिली वेल्सकडे गेला, त्याच वर्षी फ्लायवेटचा पहिला पट्टा सिड स्मिथकडे. फेदरवेटचा पट्टा कार्डिफच्या जिम ड्रिस्कॉलने जिंकला, दोनदा राखला आणि कायमचा घरी नेला.

ड्रिस्कॉलपाशी थोडं थांबायला हवं. लंडनमध्ये समिती वजनांचे आकडे ठरवत होती त्याच महिन्यात, १९ फेब्रुवारी १९०९ रोजी, तो न्यूयॉर्कमध्ये जागतिक फेदरवेट विजेता एब अटेलशी दहा फेऱ्या लढला. तिथल्या तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे गुणांवर निकाल दिला जात नसे. प्रतिस्पर्ध्याला बाद केलं तरच विजेतेपद हाती येई. ड्रिस्कॉल सरस ठरला असं वर्तमानपत्रांनी लिहिलं, पण अटेल पायांवर उभा होता, त्यामुळे विजेतेपद त्याच्याकडेच राहिलं. ड्रिस्कॉलने तिथे थांबून पुन्हा लढावं अशी गळ घालण्यात आली. कार्डिफच्या नाझरेथ हाउस या अनाथालयाच्या मदतीसाठी दरवर्षी होणाऱ्या कार्यक्रमाला येण्याचा शब्द त्याने दिला होता. तो बोट पकडून परत आला, आणि अटेलशी पुन्हा गाठ कधी पडली नाही. १९२५ च्या जानेवारीत तो वारला तेव्हा कार्डिफच्या रस्त्यांवर एक लाखाच्या आसपास माणसं उभी होती. सत्तावन्न किलोंच्या गटातल्या, सर्वमान्य जागतिक विजेता कधीच न झालेल्या माणसासाठी.

हेवीवेटांनी त्या काळात ब्रिटनला काय दिलं? बॉम्बार्डियर वेल्स देखणा होता, उंच होता, त्याचा डावा हात सुरेख चाले, लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि मायदेशातल्या प्रतिस्पर्ध्यांपुढे तो वर्षानुवर्षं टिकला. पण ८ डिसेंबर १९१३ च्या सोमवारी, याच क्लबमध्ये, त्याच्याहून हलक्या जॉर्ज कार्पेंतिए या फ्रेंच तरुणाने त्याला ७३ सेकंदांत बाद केलं. वेल्सला कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. कुणीही पडू शकतो, आणि जड गटात एका फटक्यात सगळं संपतं यातच त्या गटाची खरी ओढ आहे. ती भीती, ती धडधड खोटी नाही. मीही ती अनुभवत जागलो आहे. पण फटका जड असणं आणि लढवय्या श्रेष्ठ असणं या दोन गोष्टींची गल्लत करू नये. त्याच काळात त्याच रिंगणात वेल्सच्या निम्म्या वजनाचा एक माणूस घडत होता.

जिमी वाइल्ड. वेल्स देशातल्या ऱ्हॉन्डा खोऱ्यातल्या टायलर्सटाउनचा खाणकामगार. इतका किरकोळ की उंच माणूस जिथे शिरू शकत नाही अशा अरुंद थरांत त्याला कोळसा फोडायला धाडत. जत्रेतल्या तंबूत, येईल त्याच्याशी लढायच्या धंद्यात तो तयार झाला. समोर येणारे खाणकामगार त्याच्याहून कितीतरी जड असत, आणि तो त्यांना एकामागून एक झोपवी. ११२ पौंडांची मर्यादाही त्याच्यासाठी सैल होती. वजन बहुधा १०८ च्या आतच, म्हणून तो अंगात कपडे ठेवूनच काट्यावर उभा राहायचा. हात बारीक, खांदे पडलेले, हालचाल नियमाच्या पुस्तकात न बसणारी, दोन्ही हात कमरेपाशी. त्या हातांतून एवढा जोर कुठून येतो, याचं कोडं जाणकारांना शेवटपर्यंत पडलेलं. ‘हातात हातोडा घेतलेलं भूत’ हे त्याला पडलेलं नाव त्या काळच्या प्रेक्षकांनी काय पाहिलं ते नीट सांगतं.

२५ जानेवारी १९१५ रोजी क्लबमध्ये स्कॉटलंडच्या टॅन्सी लीने त्याला सतराव्या फेरीत हरवलं. त्याचा हा पहिला पराभव. पुढच्या वर्षी, १९१६ च्या फेब्रुवारीत त्याने जो सायमंड्सला हरवून पट्टा मिळवला, जूनमध्ये त्याच क्लबमध्ये लीला अकराव्या फेरीत बाद करून हिशेब चुकता केला, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या यंग झुलू किडला बाद करून तो जगाचा फ्लायवेट विजेता झाला. पहिलं महायुद्ध चालू होतं. वाइल्ड सैन्यात शारीरिक शिक्षण देत होता, आणि सैनिकाला पैशासाठी लढता येत नसे. १९१८ मध्ये जो कॉनशी लढल्यावर बक्षिसाऐवजी त्याच्या बायकोच्या हाती हिऱ्यांची पुरचुंडी दिली गेली असं सांगतात. ३१ मार्च १९१९ रोजी क्लबमध्येच त्याने अमेरिकेच्या जो लिंचला गुणांवर हरवलं. लिंच बँटमवेट, पुढच्याच वर्षी त्या गटाचा जागतिक विजेता झालेला. त्या रात्री इंग्लंडचा युवराज प्रेक्षकांत होता. तो उठून रिंगणात गेला आणि त्याने वाइल्डचं अभिनंदन केलं. राजघराण्यातल्या माणसाने रिंगणात पाऊल टाकावं असा प्रसंग लोकांनी त्याआधी पाहिला नव्हता, आणि ते पाऊल पडलं सर्वांत हलक्या गटातल्या खाणकामगारासाठी.

वाइल्ड शेवटी हरला तोही वजनालाच. १९२१ मध्ये अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्यापुढे पीट हर्मन उभा राहिला तो दहा पौंडांहून अधिक जड. हेवीवेटला दहा पौंड म्हणजे काही नाही. पन्नास किलोंच्या माणसाला ते शरीराचा दहावा हिस्सा होतात. सतराव्या फेरीत पुन्हा पुन्हा पडून उठणाऱ्या वाइल्डला पंचानेच थांबवलं. मग जवळपास अडीच वर्षांनी, जून १९२३ मध्ये, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर फिलिपिन्सच्या पांचो व्हिला या तरुणाने त्याला सातव्या फेरीत बाद केलं. वाइल्ड पुन्हा लढला नाही. व्हिला आशियाचा पहिला जागतिक विजेता. दोन वर्षांनी दाताच्या संसर्गातून तेविसाव्या वर्षी तो गेला. अमेरिकेच्या ‘द रिंग’ या मासिकाने २००३ मध्ये सर्व काळातल्या शंभर जबरदस्त ठोसेबाजांची यादी केली, तेव्हा जो लुई आणि सॅम लँगफर्ड यांच्यापाठोपाठ तिसऱ्या जागी वाइल्डचं नाव होतं. पन्नास किलोंचा माणूस, तोही ठोशाच्या जोरासाठी.

क्लबच्या बाजूची एक काळी गोष्ट गाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. पीटर जॅक्सन या कृष्णवर्णी हेवीवेटने १८९२ मध्ये तिथे फ्रँक स्लॅव्हिनला हरवलं ती लढत क्लबच्या वैभवाची मानतात. पण १९११ मध्ये जॅक जॉन्सन आणि वेल्स यांची लंडनमधली लढत सरकारने होऊ दिली नाही, आणि ब्रिटिश विजेतेपदाची दारं कृष्णवर्णीयांना १९४८ पर्यंत बंदच राहिली. त्या वर्षी मिडलवेट डिक टर्पिनने ती उघडली. वजनाच्या बाबतीत एवढी न्यायाची असलेली व्यवस्था रंगाच्या बाबतीत अन्यायाची होती. म्हणूनही मला वाटतं की मान आपोआप पसरत नाही. तो एकेका रेघेने लिहावा लागतो, आणि जिथे लिहिला नाही तिथे तो नसतो.

१९२६ मध्ये बेटिन्सन गेला. मोठ्या लढती केव्हाच ऑलिंपिया आणि अल्बर्ट हॉलसारख्या प्रचंड जागांत गेल्या होत्या. मोजक्या सभासदांच्या वर्गणीतून लढवय्यांना मागतील ते पैसे देणं क्लबला जमत नव्हतं. १९२९ मध्ये क्लबने किंग स्ट्रीटची इमारत सोडली, आणि त्याच वर्षी नव्याने उभ्या राहिलेल्या ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोलकडे खेळाचा कारभार गेला. १९३६ पासून बोर्डाने लॉन्सडेलचे पट्टे पुन्हा सुरू केले. सुरुवातीच्या मानकऱ्यांत होता ग्लासगोच्या गॉर्बल्स वस्तीतला फ्लायवेट बेनी लिंच. ऑक्टोबर १९३७ मध्ये ग्लासगोच्या शॉफिल्ड पार्कवर त्याची आणि पीटर केनची लढत पाहायला चाळीस हजारांच्या आसपास लोक जमले. लिंचने तेराव्या फेरीत केनला बाद केलं. आठच महिन्यांनी तो विजेतेपद हरला, तेही रिंगणात न उतरता. वजन साडेसहा पौंड जास्त भरलं. त्या रात्री तो लढला आणि प्रतिस्पर्ध्याला बादही केलं, पण मुकुट काट्यावरच गेला होता. दारूने पोखरलेला लिंच १९४६ मध्ये तेहेतिसाव्या वर्षी वारला.

हलक्या गटाचं हे दुःख जड गटाला माहीत नसतं. हेवीवेटला काट्याची धास्ती नाही. हवं तेवढं खावं, हवं तेवढं प्यावं. फ्लायवेटची पहिली लढत जेवणाच्या ताटाशी आणि पाण्याच्या पेल्याशी होते. लढतीआधीच्या आठवड्यांत तो अन्न कमी करतो, शेवटच्या दिवसांत घाम गाळून अंगातलं पाणीही उतरवतो. किलोभर वजन शंभर किलोंच्या माणसाने उतरवणं आणि पन्नास किलोंच्या माणसाने उतरवणं यात दुपटीचा फरक आहे. आणि मग तो रिंगणात उतरून हेवीवेटपेक्षा जास्त ठोसे मारतो, तेवढेच चुकवतो, शेवटच्या फेरीतही पायांवर नाचतो.

क्लबने आखलेली ११२ पौंडांची रेघ पुढे पूर्वेकडे गेली. १९ मे १९५२ रोजी टोकियोच्या कोराकुएन स्टेडियममध्ये योशिओ शिराईने डॅडो मारिनोला हरवलं आणि जपानला पहिला जागतिक विजेता मिळाला. अमेरिकेचा ताबा संपून जपान सार्वभौम झाल्याला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याला घडवणारा आल्विन कान हा ताबा घेतलेल्या फौजेसोबत आलेला अमेरिकन जीवशास्त्रज्ञ. हरलेल्या देशाने पुन्हा मान वर केली ती फ्लायवेटच्या खांद्यावर. १९५४ मध्ये शिराईकडून विजेतेपद नेलं अर्जेंटिनाच्या पास्कुआल पेरेझने, आणि तो त्याच्या देशाचा पहिला जागतिक विजेता ठरला. १९६० मध्ये थायलंडच्या पोन किंगपेचने पेरेझला हरवलं. थायलंडचाही तो पहिला. फिलिपिन्स, जपान, अर्जेंटिना, थायलंड, चार देशांचं खातं एकाच गटाने उघडलं.

पेरेझने १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकचं फ्लायवेट सुवर्ण जिंकलं होतं. त्याच ऑलिंपिकमध्ये, कुस्तीच्या फ्लायवेट गटात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव सहावे आले होते. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलोंच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्य मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्या मातीत मानाच्या गदा जड गटाच्या मल्लांसाठी. महाराष्ट्र केसरी कोण हे गावोगाव माहीत असतं, ५७ किलोंत कोण जिंकलं हे विचारायचं कुणाला सुचत नाही. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. १९८४ मध्ये ते अपघातात गेले, पुरस्कार २००० सालचा. तालमीत हलक्या मल्लाच्या चपळाईचं कौतुक होत नाही असं नाही, पण गदेवर त्याचं नाव लिहिण्याची सोयच नव्हती.

पैशाचं गणित तर आणखी उघडं आहे. १९२७ मध्ये शिकागोत डेम्प्सीविरुद्ध लढताना हेवीवेट जीन टनीचं मानधन दहा लाख डॉलरांच्या उंबरठ्यावर होतं. फरकाची रक्कम स्वतः भरून त्याने पूर्ण दहा लाखांचा धनादेश घेतला. फ्लायवेटच्याही खालच्या, १०८ पौंडांच्या गटात मायकेल कार्बाहालला दहा लाखांची लढत मिळाली ती १९९४ मध्ये. मधे सदुसष्ट वर्षं. आणि त्याआधी, १९९३ मध्ये, त्याची उंबेर्तो गोन्झालेझशी झालेली पहिली लढत ‘द रिंग’ने वर्षातली सर्वोत्तम ठरवली होती, सगळ्या गटांत मिळून.

तरी पारडं हलू लागलं आहे. वजनाचा फरक बाजूला ठेवून सर्वोत्तम कोण, याची यादी ‘द रिंग’ करतं. २०१५ मध्ये तोवर अव्वल असलेला मेवेदर निवृत्त झाल्यावर तिच्या शिखरावर निकाराग्वाचा फ्लायवेट रोमान गोन्झालेझ आला. २०२२ मध्ये जपानचा बँटमवेट नाओया इनोउए. मे २०२४ मध्ये इनोउएने टोकियो डोममध्ये लुईस नेरीला हरवलं, तेव्हा त्या प्रचंड सभागृहात मुष्टियुद्धाची मुख्य लढत होत होती ती चौतीस वर्षांनी. आधीची होती १९९० ची टायसन आणि डग्लस यांची. जी जागा हेवीवेटने भरली होती, ती पंचावन्न किलोंच्या माणसाने भरली. जपानमध्ये हे घडलं याचं मला नवल वाटत नाही. शिराईपासून तिथल्या प्रेक्षकाने हलकी लढत मुख्य लढत म्हणूनच पाहिली आहे.

गट फार झाले, म्हणून हलक्यांची किंमत गेली, असं काही जाणकार म्हणतात. आठचे सतरा-अठरा झाले हे खरं. पण किंमत गटांनी घटवलेली नाही. एकेका गटात चार-चार संघटनांचे चार-चार विजेते उभे केल्यामुळे ती घटली, आणि हा रोग हेवीवेटलाही तितकाच लागला आहे.

ज्याची मला खरी काळजी वाटते तो प्रकार ऑलिंपिकमधला. २०१२ मध्ये लंडनला स्त्रियांचं मुष्टियुद्ध पहिल्यांदा आलं तेव्हा गट होते तीनच, सर्वांत हलका ५१ किलो. मणिपूरची मेरी कोम ४८ किलोंपर्यंतच्या गटांत जगज्जेती झालेली. तिला वर चढून आपल्याहून मोठ्या मुलींशी लढावं लागलं, आणि तरी तिने कांस्य आणलं. २०१६ मध्ये रिओला पुरुषांच्या सर्वांत हलक्या, ४९ किलो गटात उझबेकिस्तानचा हसनबॉय दुस्मातोव जिंकला. संपूर्ण स्पर्धेतल्या सर्वोत्तम मुष्टियोद्ध्याला मिळणारा व्हॅल बार्कर चषकही त्यालाच दिला गेला. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत त्याला हरवलं आपल्या अमित पंघालने. आणि टोकियोच्या ऑलिंपिकसाठी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पुरुषांचा ४९ किलो गटच काढून टाकला. ज्या गटाने मागच्या खेपेला सर्वोत्तम मुष्टियोद्धा दिला, तोच गट.

पुरुषांचे दहाचे आठ गट झाले, पॅरिसला सात. स्त्रियांना जागा करून द्यायची होती, आणि ते योग्यच होतं. पण खेळाडूंची एकूण संख्या वाढवायची नाही असं ठरवून ती जागा सर्वांत हलक्यांच्या अंगावरून करायची, हे मला कधीही पटलेलं नाही. पंघाल ५२ किलोंत गेला, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवणारा पहिला भारतीय पुरुष झाला, आणि टोकियोत पहिल्याच लढतीत कोलंबियाच्या युबेर्हेन मार्टिनेझकडून हरला. मार्टिनेझ म्हणजे रिओच्या ४९ किलोंच्या अंतिम लढतीत दुस्मातोवकडून हरलेला माणूस. एका बंद केलेल्या गटातले तिघे दुसऱ्याच गटात जागा शोधत होते. पंघालने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५१ किलोंत सुवर्ण जिंकलं. पॅरिसला मात्र पुन्हा सुरुवातीलाच बाहेर पडला. दुस्मातोव आठ वर्षांनी ५१ किलोंत उतरला आणि पॅरिसचं सुवर्ण घेऊन गेला. तोवर तो एकतीस वर्षांचा झाला होता. मधलं एक ऑलिंपिक त्याला खेळताच आलं नाही.